साळवेकाका धूळ वाचतात

रविवारी सकाळी आठ वाजता साळवेकाका आमच्या सोसायटीच्या गेटाशी प्लास्टिकच्या लाल स्टुलावर बसत आणि बाहेर निघालेल्या प्रत्येक मोटारसायकलवाल्यापुढे हात पसरून म्हणत, "काढ."

नव्या भाडेकरूंना वाटायचं, लायसन्स मागतायत. एकाने तर खरंच पाकिटातून काढून दाखवलं होतं. काकांनी ते न बघताच परत केलं. "हे नको रे. फोटोत सगळेच साव दिसतात. एअर फिल्टर काढ."

एअर फिल्टर म्हणजे गाडीचं नाक. इंजिनाला पेट्रोलसारखी हवाही लागते, आणि आत जाणारी हवा गाळून घ्यायला एक पावाच्या लादीएवढा तुकडा बसवलेला असतो. काही गाड्यांत तो घडीच्या कागदाचा असतो, काहींत स्पंजचा. बहुतेक लोकांना आपल्या गाडीत असं काही आहे हे सर्व्हिसिंगचं बिल हातात पडल्यावर कळतं. काकांचं जग मात्र या तुकड्यापासून सुरू व्हायचं. ते फिल्टर हातात घेत, अंगठ्याने एक कोपरा चोळत, चिमूट डोळ्यांशी धरत, मग नाकाशी नेत, आणि डोळे मिटून सांगत, "ऐरोलीचा पूल. तिथून पुढे खाडीच्या कडेचा कच्चा रस्ता. परवा. मधे कुठेतरी वीटभट्टीवर थांबला होतास."

आणि ते बरोबर असायचं.

तिसऱ्या मजल्यावरचा नितीन ठाण्याच्या ऑफिसात ऑडिट आहे असं सांगून दोन दिवस बाहेर होता. रविवारी काकांनी त्याचा फिल्टर बोटावर घासला आणि खुशीत येऊन ओरडले, "वा रे वा! लाल माती! ही नेरळच्या पुढची. ठाण्याला लाल माती कधीपासून आली रे?" नितीनची बायको वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल तसाच ठेवला. "काका, जरा परत सांगा. कुठली माती?" पुढचे दोन आठवडे नितीन डबा न घेता ऑफिसला गेला. त्याने काकांना खूप विनवलं, "काका, हळू बोलत जा ना यार." काका म्हणाले, "मी कुठे बोललो? धूळ बोलली. धूळ खोटं बोलत नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य फिल्टर धुताना यायचं, "पिळायचं नाही, दाबायचं." ही दोन वाक्यं आमच्या मुलुंडच्या डोंगराखालच्या चार इमारतींत लहान मुलांनासुद्धा पाठ होती.

हे लिहिण्याआधी मी काकांना विचारलं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं. किंवा त्याहून वाईट: त्यांनी नको म्हटलेलं ऐकलं होतं आणि तरी लिहिलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच. या वेळी ते म्हणाले, "लिही. पण दगडाचं कमी लिही, फिल्टरचं जास्त." म्हणून आधी फिल्टरचं.

माझं नाव क्रांती. वडिलांनी ठेवलं. ते कामगार संघटनेत होते आणि आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. माझ्या पाळण्याला जी कागदी झालर होती तीसुद्धा एका फसलेल्या मोर्चाच्या उरलेल्या पत्रकांची. मी वाचायला शिकले ती मथळ्यांवरून; आई सांगते, पहिला शब्द मी 'धिक्कार' वाचला, तोही एकदम शुद्ध. त्यामुळे जगात काही बिघडलेलं दिसलं की त्याच्यावर अर्ध्या पानाचं पत्रक लिहायचं आणि वाटायचं, हे मला श्वासाइतकं सवयीचं. अजूनही आहे. फक्त आता हात जरा थांबतो.

शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर आमचं काम असायचं. तिथे डांबर निम्म्या वाटेत संपतं. म्हणून मी एक जुनी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल घेतली, म्हणजे रस्त्यावरही चालणारी आणि मातीतही चालणारी. ती इतकी उंच आहे की सिग्नलला माझे अंगठेच जमिनीला टेकतात. ती पहिल्यांदा गेटातून आत आणली तेव्हा काका स्टुलावरून उठून उभे राहिले. गाडीकडे नाही, गाडीच्या आवाजाकडे बघत असल्यासारखे.

"कोणाची गं ही?"

"माझी."

"गुदमरतेय बिचारी. शेवटचं नाक कधी साफ केलं होतं तिचं?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी बाजूचं पॅनेल उघडायला लावलं. आतून जो स्पंज निघाला तो काळा, चिकट आणि वीटभर जड होता. काकांनी तो दोन्ही हातांत असा घेतला जसं कोणी तान्हं मूल घेतं, आणि नखाने त्याचा एक कोपरा खरवडला. मग म्हणाले, "किती फिरलीय ही! बघ, थरच्या थर आहेत. हा वरचा नाशिक रस्त्याचा. खाली शेतातली काळी. त्याच्या खाली... हे मला नाही ओळखता येत." चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं, जे ओळखता आलं नाही त्याचाच असावा.

त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी झाले. बाकीचे लोक फार तर वाशी-विरार करून यायचे. माझ्या फिल्टरमधून त्यांना आख्खा जिल्हा मिळायचा.

शिकवणी कडक होती. आधी फिल्टर बाहेर. मग इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, म्हणजे काम चालू असताना कचरा आत पडत नाही. फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात. पेट्रोलने धुतला तर जोड सुटतात. पाणी काढताना पिळायचं नाही, दाबायचं. सावलीत वाळवायचा. मग तेल, सगळीकडे सारखं, पुन्हा दाबून. कडेला ग्रीसची बारीक रेघ. आणि बसवताना कड नीट बसली की नाही ते बोट फिरवून बघायचं, "कारण धूळ दारातनं येत नाही, फटीतनं येते."

कोंबायचं फडकं काकांनीच दिलं होतं. त्याला वीतभर लांब लाल पट्टी शिवलेली होती. तिला ते जीभ म्हणत. "जीभ बाहेर ठेवायची. म्हणजे विसरणार नाहीस."

मी विसरले. एका सकाळी पाड्यावर सभा होती, मागे पत्रकांचं बोचकं बांधलेलं होतं, मी घाईत फिल्टर बसवला, जीभसुद्धा आत ढकलली आणि निघाले. उतारावरून गाडी सुटली, चौकापर्यंत खोकत गेली आणि बंद पडली. मी तिथेच उभी राहून आधी पेट्रोलपंपवाल्याच्या भेसळीला शिव्या घातल्या, मग खड्ड्यांना, मग कंत्राटदारांना, मग एकूण व्यवस्थेला. चांगले चार लोक जमले ऐकायला. मग ते चारेक मणाचं धूड ढकलत चढावर परत आणलं. काकांनी काही न बोलता पॅनेल उघडलं, फिल्टर काढला, दोन बोटं आत घातली आणि ती लाल जीभ हळूहळू, जादूगाराच्या रुमालासारखी बाहेर ओढली.

"ही बघ," ते म्हणाले, "तुझी व्यवस्था."

मी हसले. सगळं गेट हसलं. ही गोष्ट मी कितीतरी सभांमध्ये स्वतःवर विनोद म्हणून सांगितली आहे. त्यातून मी काहीही शिकले नव्हते, हे नंतर कळलं.

काकांच्या बाबतीत दोन गोष्टी सगळ्यांना विचित्र वाटायच्या. पहिली, त्यांना गाडी चालवता येत नव्हती. गाडीच काय, सायकलही नाही. मी एकदा म्हटलं, "चला, मागे बसा, शहापूरला नेते. स्वतः धूळ खा की." ते सीटवर चढले, गाडी सुरू झाली, आणि गेटापर्यंतच्या दहा पावलांत त्यांनी माझे खांदे असे आवळले की मला थांबावं लागलं. उतरून म्हणाले, "नको बाई. मला कशाला जायला पाहिजे? रविवारी सगळे रस्ते माझ्याकडे येतात."

दुसरी विचित्र गोष्ट म्हणजे बिडी. त्यांच्या उजव्या कानावर कायम एक बिडी अडकवलेली असायची आणि खिशात बिड्यांचा एक कट्टा. ती बिडी त्यांनी कधी पेटवलेली कोणी पाहिली नव्हती. नितीन तर म्हणायचा, गेल्या गणपतीपासून तीच बिडी आहे, मी ओळखतो तिला. मऊ पडून पान सुटायला लागलं की काका नवी लावत. विचारलं की म्हणत, "सोडतोय."

त्यांना एकच मुलगी, सुजाताताई. कांदिवलीला राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. काकी गेल्यापासून काका एकटेच तळमजल्यावर. ताईचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि काका तो स्पीकरवर टाकून जिन्यात बसत, कारण घरात रेंज नव्हती. त्यामुळे आम्हालाही ऐकू येई.

"अप्पा, खोकला आहे अजून?"

"हाय थोडा."

"किती ओढल्या आज?"

काका कानावरच्या कोऱ्या बिडीला हात लावून बघत. "दोन."

"दोन? काल पण दोनच म्हणालात. अप्पा, लाज नाही वाटत तुम्हाला? मी इथे मुलांना तंबाखूचे परिणाम शिकवते आणि माझा बाप..."

"बरं बरं. उद्या एकच."

फोन ठेवून ते आमच्याकडे बघून डोळे मिचकावत. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला पोरीची बोलणी खायला आवडतं. मलाही तेच वाटलं. शब्दांवर जगणारी मी, एकदाही मनात आलं नाही की हा माणूस न ओढलेल्या बिड्या का मोजून दाखवतो.

खोकला मात्र खरा होता. फिल्टर धुता धुता ते एकदम थांबत, जिन्याची पहिली पायरी धरून बसत, आणि तो खोल, कोरडा खोकला दोन-तीन मिनिटं चाले. मग तोंड पुसून म्हणत, "जुना कचरा आहे."

एका रविवारी गर्दी नव्हती. आम्ही दोघंच होतो, माझा फिल्टर सावलीत वाळत होता. असाच खोकला आला. या वेळी तो लवकर थांबेना. मी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा. बिडी तर तुम्ही पेटवत नाही. मग हे काय आहे?"

त्यांनी तोंड पुसलं. मग डोंगराकडे बोट केलं. आता तिथे उंच टॉवर आहेत, खाली पोहायचा तलाव आहे. "तिथं खाण होती. दुष्काळात गाव सोडलं, आई-बाप खाणीवर आले. पुढे मी क्रशरवर लागलो. दगड टाकायचा, खडी पडायची. अकरा वर्षं. धूर नाही गं, दगडाचं पीठ. समोरचा माणूस दिसायचा नाही. ओलं फडकं बांधायचं तोंडाला, अर्ध्या तासात त्याची भाकरी व्हायची."

"पाणी मारायला पाहिजे ना त्यांनी? कायदा आहे!"

"होता की फवारा. साहेब येणार असला की लावायचे." ते हसले. "आम्ही बरोबर होतो सात जण. दामू, मोठा बाळू, छोटा बाळू..." नावं घेता घेता ते थांबले. "मीच आहे आता."

माझं डोकं सणसणत होतं. ते त्यांनाही दिसलं असावं. कारण त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि म्हणाले, "क्रांते, पत्रकात टाकू नको हां हे."

"का? कोणाला घाबरता? तो मालक..."

"मालकाचं नाही गं. नको म्हटलं ना. आपल्या दोघांत राहू दे."

मी हो म्हटलं. आणि घरी जाऊन रात्रीत पत्रक लिहिलं.

माझ्या बाजूने काय काय होतं ते सांगते. लहानपणापासून मी शिकले होते की शोषिताचं मौन ही मालकाची सोय असते. माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडून भीती बोलत असते. डोंगरापलीकडे तेव्हाही खडी फुटत होती, तिथेही बिनफवाऱ्याची पोरं होती. यातलं काही खोटं नाही. मी आजही यातल्या प्रत्येक वाक्यावर उभी राहीन. पण मी साळवेकाकांना विचारलं नाही की मालकाचं नसेल तर कोणाचं आहे. मला उत्तर आधीच माहीत होतं. पत्रक लिहिणाऱ्यांचा हा रोग आहे.

मथळा होता: 'ज्यांचा फिल्टर बदलता येत नाही.' नाव घातलं नव्हतं. 'आपल्याच वस्तीत दर रविवारी तुमच्या-आमच्या गाड्यांचं नाक साफ करणारा एक वृद्ध' एवढंच. जणू असे चार-पाच जण होते. ज्याच्या छातीत अकरा वर्षांचा दगड बसला आहे त्याच्या नाकाशी आपण दर रविवारी नवी धूळ नेतो आणि वर हसतो, असं शेवटी होतं. चांगलं उतरलं होतं. लोकांनी ते फोनवर पुढे पाठवलं. मला दोन ठिकाणी बोलायला बोलावलं. वडील आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "एकही शब्द कमी-जास्त नाही."

काकांना मी स्वतः प्रत नेऊन दिली. अपराधी वाटत होतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. चारदा घडी घातली. खिशात, बिडीच्या कट्ट्यामागे ठेवली.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. "एक अक्षर खोटं नाही."

पुढच्या रविवारी ते आठ वाजता स्टुलावर येऊन बसले. मी गॅलरीतून बघत होते. आधी दुसऱ्या इमारतीतला स्कूटरवाला आला. काकांनी हात पुढे केला, "काढ." तो उतरला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "नको काका. आम्हाला माहीतच नव्हतं हो. तुम्ही आराम करा." मग नितीन आला, तोही हात जोडून तसाच पुढे गेला. नितीनची बायको खाली येऊन त्यांना मास्क देऊन गेली. सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लिहिली, 'साळवेकाकांच्या प्रकृतीच्या दृष्टीने कोणीही त्यांच्याकडे फिल्टर देऊ नये.' खाली दोन रेघा. सगळे चांगुलपणाने वागत होते. एकही माणूस वाईट वागला असता तर मला त्याच्यावर पत्रक लिहिता आलं असतं.

काका अकरापर्यंत बसले. गाड्या त्यांच्यासमोरून हळू जात होत्या, धूळ उडू नये म्हणून.

मी खाली गेले नाही. माझाही फिल्टर त्या आठवड्यात मातीने भरलेला होता. पण ज्या पत्रकात मी तसं लिहिलं होतं, त्याच्या आठव्या दिवशी तो त्यांच्या हातात कसा देणार?

मंगळवारी सुजाताताई आली. तिच्या हातात पत्रक नव्हतं, फोन होता. कोणीतरी तिच्या कॉलेजात कोणालातरी पाठवलं होतं आणि तिथून ते तिच्याकडे आलं होतं. बंद दाराआडून काही ऐकू आलं नाही. तासाभराने ती बाहेर येऊन त्याच जिन्यात बसली. मी पाणी घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, की ताई, तुम्ही खचू नका, आपण लढू. तिने मला बोलूच दिलं नाही.

"क्रांती ना तू? तुझ्या पत्रकात अकरा वर्षं लिहिलंयस. बरोबर?"

"हो."

"मी पाचवीत होते तेव्हापासून बीएस्सी होईपर्यंत. मोजलं मी आत्ता. मला सांगितलं होतं, गोदामात कामाला आहेत. घरी यायचे ते आंघोळ करून, डोक्याला तेल लावून. आणि खोकला लागला तर म्हणाले, बिडी लागली गं." ती थांबली. "वीस वर्षं बिडीवरून बोलतेय मी त्यांना. माझ्या लग्नात पाहुण्यांसमोर बोलले. आत्ता काडेपेटी पुढे केली त्यांच्या. म्हटलं, पेटवून दाखवा. एकदा ओढून दाखवा माझ्यासमोर."

"मग?"

"उलटी धरली तोंडात." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "बिडी कुठल्या बाजूने ओढतात तेसुद्धा माहीत नाही त्यांना."

मला तेव्हा कळलं, 'नको' म्हणताना त्यांच्या तोंडून कोण बोलत होतं. पोरीला आपलं शिक्षण ज्या दगडातून फुटलं तो दगड दिसू नये म्हणून एका माणसाने वीस वर्षं स्वतःला व्यसनी म्हणवून घेतलं होतं. आणि मी तो दगड अर्ध्या पानावर, ठळक अक्षरांत, तिच्या हातात दिला होता.

त्या शनिवारी ती त्यांना घेऊन गेली. तिचं बरोबरच होतं. डॉक्टरांनीही सांगितलं, धुळीपासून लांब ठेवा. टेम्पोत एक कपाट, दोन ट्रंका, काकींचा फोटो. स्टूल राहिलं. ते अजून गेटाशी आहे. वॉचमन त्यावर पाण्याची बाटली ठेवतो.

तीन महिने मी कांदिवलीला गेले नाही. कामं होती असं म्हणायची सोय आहे, पण धाडस नव्हतं हे खरं. शेवटी गाडीनेच निमित्त काढलं. ती पुन्हा गुदमरायला लागली. मी फिल्टर काढला, धुतला, आणि तो हातात धरल्यावर वाटलं, एक कड सुटल्यासारखी दिसतेय. नवा आणावा का? दुकानदार अर्थातच हो म्हणाला. मी नवा आणला. पण बसवायच्या आधी एकदा त्यांना दाखवावं, असं मनाने घेतलं.

जुना फिल्टर मी आणखी दोनदा धुतला. पाणी नितळ येईपर्यंत. ज्यांच्या छातीत धूळ आहे त्यांच्या घरी मी धूळ नेणार नव्हते. तत्त्व म्हणजे तत्त्व. वाळवला, स्वच्छ पिशवीत घातला आणि निघाले.

सतरावा मजला. खिडक्या बंद. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं एक पांढरं यंत्र गुरगुरत होतं. काका सोफ्यावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. खिशात कट्टा नव्हता. कान मोकळा होता. मला बघून ते उठले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ते किती बारीक आहेत.

"आली गं पत्रकवाली!"

सुजाताताईने दार लावता लावता तक्रार केली. "यांना सांग जरा. त्या मशिनचा फिल्टर धुतला यांनी. कागदाचा! लगदा झाला त्याचा. दोनदा."

"कागदाचा धुवायचा नसतो हे मला शिकवते," काका माझ्या कानाशी म्हणाले. "माहीत आहे मला. पण काही निघतं का त्याच्यातनं ते बघत होतो. काही नाही गं. नुसती कापडाची लव. या फिल्टरचा माणूस कुठं गेलाच नाही."

ताई आत गेली. मी माफी मागायची म्हणून आले होते. वाटेत चार वाक्यं तयार केली होती, चांगली होती. काकांनी हात पुढे केला.

"काढ."

मी पिशवी दिली. त्यांनी फिल्टर बाहेर काढला, मांडीवर ठेवला, अंगठ्याने कोपरा चोळला. बोट डोळ्यांशी नेलं. पुन्हा दुसरा कोपरा चोळला. मग तिसरा. उलटा करून बघितला. मला वाटलं, आता म्हणतील, छान धुतलास.

"एवढ्या लांबून आलीस," ते म्हणाले, "आणि काहीच आणलं नाहीस?"

तयार केलेल्या चार वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

ते कडेवरून बोट फिरवत होते. एका जागी बोट थांबलं. "जोड सुटलाय इथं. पिळलास?"

"घाईत होते, काका."

"हं. पिळलं की वरून कळत नाही. आतून सुटतं. बदल आता हा. याचं झालं." ते रागावले नव्हते. गाडीला सांगावं तसं सांगत होते. मग त्यांनी नखाने तो सुटलेला जोड अलगद उघडला. तीनदा धुऊनही पाणी जिथे पोचलं नव्हतं तिथे, स्पंजाच्या दोन थरांमध्ये, चिमूटभर करडी धूळ बसलेली होती. काकांनी फिल्टर तळहातावर उलटा करून हळूच टिचकी मारली.

धूळ तळहातावर पडली. त्यांनी ती नाकाशी नेली नाही. नुसती बोटाने पसरली आणि डोळे मिटले.

"शहापूरची नाही," ते म्हणाले. "ही आपली. गेटावरची. ज्या चढावरनं तुझी व्यवस्था ढकलत आणली होतीस, तिथली." आणि त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी माझा काळा फिल्टर हातात घेताना होता तसा झाला.

आतून कपबशांचा आवाज जवळ आला. काकांनी झटकन मूठ मिटली आणि मांडीवर ठेवली. सुजाताताई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. तिने उघडा फिल्टर बघितला, मला बघितलं, मग ती मूठ बघितली. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. आयुष्यात मी काही झाकून ठेवलेलं नाही. मी ट्रेमधल्या बशीकडे बघत बसले.

"अप्पा, हातात काय आहे?"

"बिडी," काका म्हणाले.

ताईने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "बरं. एकच हां आज."